झेकोस्लोव्हाकियांतील साम्यवादी सत्ता : उदय आणि अस्त

सत्ता हस्तगत करणें आणि लोकांचा विश्वास संपादन करणें या दोन गोष्टी राजकारणांत पुष्कळदां एकच समजल्या जातात. वस्तुतः त्यांचें परस्परांशीं असलेलें नातें फार नाजूक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पूर्व युरोपांतील बहुतेक देशांत साम्यवादी पक्ष सत्तेवर आले, ते रशियन सैन्याच्या छायेंत आले. झेकोस्लोव्हाकियाची हकीकत मात्र थोडी निराळी आहे. १९४६ सालच्या निवडणुकींत तेथील साम्यवादी पक्षानें शेंकडा ३८ मतें मिळवून पहिलें स्थान पटकाविलें, आणि त्या वेळीं देशांत रशियन सैन्य उरलें नव्हतें. पुढें ४३ वर्षांनीं, १९८९ च्या नोव्हेंबरांत, सुमारें सतरा लाख सभासद, पोलीस, सैन्य आणि कामगारांचें सशस्त्र दल इतकें सारें हातीं असलेला हाच पक्ष दहा-बारा दिवसांत कोसळला. त्याच्या बचावासाठीं एकहि गोळी झाडली गेली नाहीं. लोकांनीं आपण होऊन दिलेला विश्वास इतका पार आटून कसा गेला, हाच या इतिहासांतील मुख्य प्रश्न आहे.

झेकोस्लोव्हाकियाचें प्रजासत्ताक २८ ऑक्टोबर १९१८ रोजीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मोडक्या साम्राज्यांतून जन्मास आलें. त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष थॉमस मासारिक हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. जुन्या साम्राज्यांतील उद्योगधंद्यांचा मोठा वांटा या लहानशा राष्ट्राच्या पदरीं पडला होता. प्लझेन येथील स्कोडाच्या तोफा युरोपभर प्रसिद्ध होत्या. आणि झ्लीन गांवच्या बाटा कंपनीचे जोडे तर पुढें हिंदुस्थानांतील शहरोशहरीं पोंचले. अशा देशांत कामगारवर्ग संख्येनें मोठा, साक्षर व संघटित असावा यांत नवल नाहीं. मे १९२१ मध्यें स्थापन झालेला साम्यवादी पक्ष हें या वर्गाच्याच डाव्या फळीचें अपत्य होतें. शेजारच्या पोलंड व हंगेरींत साम्यवाद्यांना भूमिगत राहावें लागे. येथें त्यांचीं वर्तमानपत्रें उघड निघत, सभा भरत, आणि कायदेमंडळांत त्यांचे प्रतिनिधि बसत. १९२५ च्या निवडणुकींत सुमारें १३ टक्के मतें मिळवून हा पक्ष देशांत दुसऱ्या क्रमांकावर आला.

पक्षाचीं मुळें स्वदेशाच्या मातींत होतीं, तरी त्याची दोरी मॉस्कोच्या हातीं होती. १९२९ सालीं क्लेमेंट गोटवाल्ड हा सुतारकाम शिकलेला तरुण पुढारी मॉस्कोच्या पाठबळानें सरचिटणीस झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदेमंडळांत बोलतांना त्यानें विरोधकांस तोंडावर बजावलें कीं, तुमच्या माना कशा मुरगळाव्या हें शिकण्यासाठींच आम्ही मॉस्कोला जातों. हें भाषण त्या वेळीं पुष्कळांनीं हंसण्यावारी नेलें. नव्या जहाल धोरणापायीं पक्षाचे सभासदहि मोठ्या संख्येनें गळाले. शांततेचा काळ तसाच चालू राहता, तर हा पक्ष एक कडवा अल्पसंख्य पक्ष म्हणूनच राहिला असता.

परंतु मध्यंतरीं म्युनिक घडलें. सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस इंग्लंड, फ्रान्स, इटली व जर्मनी यांनीं एकत्र बसून झेकोस्लोव्हाकियाचा सरहद्दीवरील प्रदेश हिटलरला तोडून दिला. ज्याचें घर मोडावयाचें त्यास बैठकींत बसूंहि दिलें नाहीं. फ्रान्सबरोबर झालेला संरक्षणाचा तह कागदावरच राहिला. साम्यवादी पक्षानें या शरणागतीस उघड विरोध केला. सहा महिन्यांत, १५ मार्च १९३९ रोजीं, जर्मन सैन्य प्राग शहरांत शिरलें. स्टॅलिन-हिटलर करार टिकला तोंपर्यंत पक्षाची भूमिका डळमळीत होती हें खरें. पण १९४१ मध्यें रशियावर आक्रमण झाल्यानंतर त्याचे कार्यकर्ते भूमिगत लढ्यांत उतरले आणि त्यांतील कित्येक प्राणांस मुकले. लोकांच्या ध्यानांत राहिलें तें हें बलिदान. पश्चिमेनें संकटांत हात सोडला, पूर्वेनें सोडविलें, अशी भावना सामान्य झेक माणसाच्या मनांत घर करून बसली.

५ मे १९४५ रोजीं प्रागमध्यें उठाव झाला, आणि त्याचें केंद्र नभोवाणीची इमारत हें होतें. निवेदकानें जर्मन भाषा टाकून केवळ झेक भाषेंत बोलण्यास प्रारंभ केला, आणि त्या इमारतीच्या ताब्यासाठीं लढाई जुंपली. अमेरिकन सैन्य पश्चिमेकडे प्लझेनला येऊन थांबलें होतें; ९ मे रोजीं प्रागमध्यें आलें तें रशियन सैन्य. पुढच्या दीड वर्षांत देशाचें रूप पालटलें. सुमारें तीस लाख जर्मन भाषिकांना देशाबाहेर घालविण्यांत आलें, व त्यांच्या जमिनी भूमिहीनांस वांटल्या गेल्या. जमीनवांटपाचें खातें साम्यवादी मंत्र्याकडे होतें, त्यामुळें जमिनीच्या कागदाबरोबर पक्षाचें नांवहि घरोघर गेलें. ऑक्टोबर १९४५ मध्यें खाणी, बँका व मोठे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले. त्या हुकुमांवर सही होती ती साम्यवादी नसलेल्या राष्ट्राध्यक्ष एडवर्ड बेनेश यांची.

२६ मे १९४६ रोजीं झालेल्या निवडणुकींत जुन्या शेतकरी पक्षास भाग घेण्यास बंदी होती. तथापि मतदान गुप्त होतें आणि मतमोजणी प्रामाणिक होती. झेक प्रांतांत साम्यवाद्यांना ४० टक्के मतें पडलीं. स्लोव्हाकियांत मात्र त्यांच्या विरोधकांनीं ६२ टक्के मतें घेतलीं. गोटवाल्ड पंतप्रधान झाला. झेकोस्लोव्हाकिया आपल्या निराळ्या मार्गानें समाजवादाकडे जाईल, रशियाची नक्कल करण्याचें कारण नाहीं, असें तो त्या काळांत उघड सांगत असे. त्यावर विश्वास ठेवणारे लाखों लोक भोळे होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. म्युनिकचा अनुभव ताजा होता, बेकारीची आठवण बुजली नव्हती, आणि एक न्याय्य राष्ट्र उभारण्याची उमेद खरी होती.

या निराळ्या मार्गाची कसोटी लौकरच लागली. १९४७ च्या जुलैंत अमेरिकेच्या मार्शल योजनेच्या परिषदेस जाण्याचें आमंत्रण मंत्रिमंडळानें एकमतानें स्वीकारलें. त्यांतील मंत्री मॉस्कोस गेले, आणि स्टॅलिनच्या भेटीनंतर तो निर्णय फिरविण्यांत आला. परराष्ट्रमंत्री यान मासारिक यानें आपण स्वतंत्र राष्ट्राचा मंत्री म्हणून गेलों व स्टॅलिनचा गडी म्हणून परत आलों, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचें सांगतात. त्या वर्षीं अवर्षणानें पीकहि बुडालें. नवी निवडणूक १९४८ च्या मे महिन्यांत व्हावयाची होती, आणि मतें घटण्याची भीति पक्षास वाटूं लागली होती.

गृहमंत्री व्हाक्लाव्ह नोसेक हा साम्यवादी होता. त्यानें प्रागमधील आठ पोलीस अधिकाऱ्यांच्या जागीं आपल्या पक्षाचीं माणसें नेमण्याचा घाट घातला. त्याच्या निषेधार्थ २० फेब्रुवारी १९४८ रोजीं इतर पक्षांच्या बारा मंत्र्यांनीं राजीनामे दिले. सरकार पडेल व बेनेश निवडणूक पुकारतील असा त्यांचा हिशेब होता. परंतु मंत्रिमंडळ सव्वीस जणांचें होतें. बाराजण गेले तरी निम्म्याहून अधिक मंत्री राहिलेच, आणि सरकार घटनेप्रमाणें टिकलें. गोटवाल्डनें रिकाम्या जागा भरण्याची मागणी केली, आणि तिच्यामागें रस्त्यावरचें बळ उभें केलें. कारखान्यांतील कामगारांस बंदुका देऊन दलें उभारलीं. प्रत्येक कचेरींत कृति-समित्या स्थापन करून नको असलेल्यांस दारांतूनच परत पाठविलें. २४ तारखेस सर्व देशभर एक तासाचा संप झाला. बेनेश आजारी होते, यादवी व रशियन हस्तक्षेप या दोहोंचें भय त्यांच्यापुढें होतें. २५ फेब्रुवारी रोजीं त्यांनीं सही केली. बाह्यतः घटनेची चौकट शाबूत होती. तिच्यांतील प्राण मात्र गेला होता. १० मार्च रोजीं यान मासारिकचें प्रेत त्याच्या निवासस्थानाच्या खिडकीखालीं आढळलें. मे महिन्यांतील मतपत्रिकेवर उमेदवारांची एकच यादी होती. जूनमध्यें बेनेशनीं राजीनामा दिला, आणि सप्टेंबरांत ते वारले.

ज्या पक्षास लोकांनीं मतें दिलीं होतीं, त्याला आतां मतांची गरज उरली नाहीं. येथेंच त्याच्या ऱ्हासाचें बीज पडलें. प्रथम विरोधक गेले. नाझींच्या तुरुंगांतून सुटून आलेल्या कायदेपंडिता मिलाडा होराकोवा यांना २७ जून १९५० रोजीं फांशी देण्यांत आलें. त्यानंतर पाळी आली ती खुद्द पक्षाचीच. नोव्हेंबर १९५२ मध्यें रुडोल्फ स्लान्स्की व इतर तेरा जण यांच्यावर देशद्रोहाचा खटला भरला. स्लान्स्की हा १९४५ पासून सरचिटणीस. दडपशाहीचें यंत्र उभारण्यांत त्याचा स्वतःचा हात होता. आरोपींत माजी परराष्ट्रमंत्री क्लेमेंटिस होता. चौदांपैकीं अकरा जण ज्यू वंशाचे होते. छळ करून त्यांच्याकडून कबुलीजबाब पाठ करून घेतले होते, आणि हें पाठांतर नभोवाणीवरून सर्व राष्ट्रास ऐकविण्यांत आलें. ३ डिसेंबर रोजीं अकरा जण फांशीं गेले. गोटवाल्डनें आपल्या जुन्या सहकाऱ्यांस वांचविलें नाहीं. कोणावरहि केव्हांहि संकट येऊं शकतें, हें एकदां कळल्यावर पक्षांत खरें बोलणारा माणूस उरणें शक्य नव्हतें; आणि खरें ऐकूं न येणाऱ्या सत्तेस आपली चूक वेळेवर कळत नाहीं.

स्टॅलिनच्या अंत्यविधीहून परतल्यावर कांहीं दिवसांतच, १४ मार्च १९५३ रोजीं गोटवाल्ड वारला. त्याच्या देहास मसाले भरून प्रागच्या टेकडीवर तो दर्शनासाठीं ठेवण्यांत आला, आणि झ्लीन गांवास त्याच्या हयातींतच गोटवाल्डोव्ह हें नांव देण्यांत आलें होतें. त्याच्या जागीं आलेले राष्ट्राध्यक्ष अन्तोनीन झापोटोत्स्की यांनीं मे महिन्याच्या अखेरीस नभोवाणीवरून आश्वासन दिलें कीं, आपलें चलन भक्कम आहे व त्यांत बदल होणार नाहीं. लगोलग १ जूनपासून चलनबदल झाला. माणशीं तीनशें क्राउनपर्यंतची रोकड पांचास एक या भावानें व उरलेली पन्नासास एक या भावानें बदलून मिळाली. जन्मभराची पुंजी एका रात्रींत वितळली. प्लझेनच्या स्कोडा कारखान्यांतील कामगार रस्त्यावर आले, आणि कामगारांच्या नांवानें राज्य करणाऱ्या सरकारनें त्यांच्यावर सैन्य पाठविलें. १९५५ च्या मे दिनीं प्रागमध्यें स्टॅलिनचें प्रचंड शिल्प उभें राहिलें. तें घडविणाऱ्या शिल्पकारानें अनावरणापूर्वींच आत्महत्या केली होती. १९६२ सालीं सरकारनेंच सुरुंग लावून तें उडविलें.

साठ सालच्या नव्या घटनेनें पक्षाचें नेतृत्व हा राज्याचा कायदाच केला. परंतु १९६३ पर्यंत उत्पादन वाढण्याऐवजीं घटूं लागलें. अर्थशास्त्रज्ञ ओटा शिक यांच्यासारखे पक्षांतीलच लोक सुधारणांची भाषा बोलूं लागले. १९६७ च्या लेखकसंमेलनांत सेन्सॉरशिपवर उघड हल्ला झाला. ५ जानेवारी १९६८ रोजीं अन्तोनीन नोव्होत्नी याच्या जागीं अलेक्झांडर दुब्चेक हा स्लोव्हाक पुढारी पक्षाचा पहिला चिटणीस झाला. साम्यवादी कुटुंबांत जन्मलेला, बालपण रशियांत गेलेला हा मितभाषी गृहस्थ बंडखोर नव्हता. एप्रिलमध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कृति-कार्यक्रमांत वृत्तपत्रस्वातंत्र्य, जुन्या अन्यायांची भरपाई आणि स्लोव्हाकियास समान दर्जा यांचा पुरस्कार होता. पक्षाचें नेतृत्व सोडण्याचा मात्र त्यांत विचार नव्हता. मानवी चेहऱ्याच्या समाजवादाची ही कल्पना लोकांनीं उचलून धरली. वीस वर्षांनंतर प्रथमच पक्षास असा पाठिंबा मिळाला कीं, जो मागावा लागला नाहीं. १९४६ सालचा विश्वास परत येऊं लागला होता.

२० ऑगस्टच्या रात्रीं रशिया, पोलंड, हंगेरी व बल्गेरिया यांचीं सैन्यें सरहद्द ओलांडून आलीं. पक्षाच्या मध्यवर्ती मंडळानें त्या आक्रमणाचा निषेध केला. दुब्चेक व त्याचे सहकारी पकडले जाऊन मॉस्कोस नेले गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नभोवाणीच्या त्याच इमारतीसमोर, जेथें १९४५ सालीं लोक लढले होते, निःशस्त्र नागरिक रणगाड्यांपुढें उभे राहिले आणि त्यांतील कांहीं मारले गेले. इमारत पडल्यावरहि गुप्त ठिकाणांहून ध्वनिक्षेपण चालू राहिलें. नागरिकांनीं रस्त्यांचे व गांवांचे फलक काढून टाकले, जेणेंकरून परकी सैन्यास वाट सांपडूं नये. प्रागच्या व्हिसोचानी या कामगारवस्तींतील कारखान्यांत पक्षाचें अधिवेशन गुप्तपणें भरलें. मॉस्कोंत नेलेल्यांपैकीं फ्रान्तिशेक क्रीगेल या एकट्या पुढाऱ्यानें करारावर सही करण्याचें नाकारलें. २७ तारखेस परत आलेला दुब्चेक नभोवाणीवर बोलूं लागला, तेव्हां शब्दाशब्दांमध्यें त्याचा कंठ दाटत होता. त्या स्तब्धतेचा अर्थ घरोघरीं समजला. हिंदुस्थान सरकार सुरक्षा समितींत तटस्थ राहिलें, तेव्हां त्याच्या निषेधार्थ अशोक मेहता यांनीं केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६९ रोजीं यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें प्रागमधील चौकांत स्वतःस पेटवून घेतलें. एप्रिलमध्यें गुस्ताव हुसाक याच्या हातीं पक्ष गेला. हा मनुष्य स्वतः पन्नाशीच्या दशकांत खोट्या आरोपावरून पक्षाच्याच तुरुंगांत अनेक वर्षें खितपत पडला होता. त्याच्या कारकीर्दींत राजकीय विरोधकांस फांशी दिल्या गेल्या नाहींत. सभासदांची छाननी झाली. आक्रमण हें मित्रांचें साह्य होतें असें म्हणावयाचें, कीं नोकरी सोडावयाची, असा प्रश्न प्रत्येकापुढें आला. तीन लाखांहून अधिक सभासद काढून टाकले गेले. प्राध्यापक बाष्पयंत्रांत कोळसा घालूं लागले, पत्रकार खिडक्या पुसूं लागले, आणि दुब्चेक स्लोव्हाकियांतील जंगलखात्यांत नोकरीस लागला. ज्यांची पक्षावर निष्ठा सर्वांत सजीव होती, तेच लोक बाहेर पडले. मागें राहिले ते मुख्यतः पदासाठीं राहिले. कुंपणानेंच शेत खाल्लें, असें या छाननीविषयीं म्हणतां येईल.

त्यानंतरचीं वीस वर्षें एका मूक कराराचीं होतीं. सरकारनें मोटारगाडी, दूरचित्रवाणी व गांवाबाहेर एखादी लहानशी झोंपडी मिळूं द्यावी. लोकांनीं राजकारणाचें नांव काढूं नये. १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत नाटककार व्हाक्लाव्ह हावेल यांनीं एका भाजीविक्याचें उदाहरण घेतलें आहे. तो कांद्या-गाजरांबरोबर जगांतील कामगारांच्या एकीची घोषणाहि खिडकींत मांडतो. तिच्यावर त्याचा विश्वास नसतो, सरकारचाहि नसतो, परंतु ती काढून टाकली तर संकट येतें हें दोघांनाहि ठाऊक असतें. १९७७ च्या जानेवारींत सुमारें अडीचशें नागरिकांनीं एक सनद प्रसिद्ध करून सरकारला त्यानें स्वतःच मान्य केलेल्या मानवी हक्कांची आठवण दिली. त्यांत हावेल होते, दुब्चेकच्या वेळचे परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक होते, आणि वृद्ध तत्त्वज्ञ यान पातोचका होते. पोलिसांच्या दीर्घ जबान्यांनंतर मार्च महिन्यांत पातोचका वारले. सनदेवर सही करणाऱ्यांत पक्षांतून काढलेले जुने साम्यवादी पुष्कळ होते.

रशियांत १९८५ नंतर गोर्बाचेव्ह सुधारणा करूं लागला, तेव्हां प्रागच्या पुढाऱ्यांची अवस्था विलक्षण झाली. ज्या विचारांसाठीं त्यांनीं दुब्चेकला हांकललें, तेच आतां मॉस्कोहून येऊं लागले. १९८७ अखेर हुसाकच्या जागीं मिलोश याकेश आला. पण छाननीचें काम पूर्वीं त्याच्याच हातीं होतें, तेव्हां त्याच्यानें दुसरी भाषा बोलवेना. १७ नोव्हेंबर १९८९ रोजीं, नाझींनीं विद्यापीठें बंद केल्यास पन्नास वर्षें झालीं, त्या स्मृतिदिनाच्या मिरवणुकींत विद्यार्थ्यांना पोलिसांनीं कोंडून निर्दयपणें मारलें. १९ तारखेस हावेल व त्यांच्या मित्रांनीं नागरिक मंचाची स्थापना केली. २३ तारखेस प्रागचा पक्षप्रमुख मिरोस्लाव्ह श्टेपान त्याच व्हिसोचानी विभागांतील कारखान्यांत बोलावयास गेला. राष्ट्राध्यक्षानें केव्हां जावें हें पंधरा वर्षांचीं मुलें ठरवीत नसतात, असें तो म्हणतांच हजारों कामगार ओरडले, ‘आम्ही मुलें नाहीं!’ त्या आरोळींत पक्षाचा निकाल लागला. ज्या वर्गाच्या नांवानें सत्ता घेतली, त्यानेंच ती परत मागितली होती. २४ तारखेस याकेश व त्याचें मंडळ पायउतार झालें. २७ तारखेस दोन तासांचा सार्वत्रिक संप झाला. २९ रोजीं कायदेमंडळानें पक्षाच्या नेतृत्वाचें कलम घटनेंतून काढून टाकलें. १० डिसेंबर रोजीं नव्या सरकारास शपथ देऊन हुसाकनें राजीनामा दिला. वर्ष संपण्यापूर्वीं जंगलखात्यांतून निवृत्त झालेला दुब्चेक कायदेमंडळाचा अध्यक्ष व तुरुंगांतून त्याच वर्षीं सुटलेले हावेल राष्ट्राध्यक्ष झाले होते.

या पतनाचें श्रेय केवळ गोर्बाचेव्हला देणें सोपें आहे, पण पुरेसें नाहीं. रशियन सैन्य मदतीस येणार नाहीं एवढेंच त्यानें ठरविलें. त्या सैन्याविना उभें राहण्याची पक्षाची शक्ति त्यापूर्वींच संपली होती. १९४८ त पक्षानें मतदारांचें उत्तरदायित्व झुगारलें, १९५२ त आपसांतला विश्वास गमावला, १९५३ त कामगारांचा, आणि १९६९ नंतर स्वतःच्याच विचारवंतांचा. यांतील प्रत्येक पावलानें सत्ता त्या त्या वेळीं अधिक सुरक्षित झाल्यासारखी दिसली.

जून १९९० मध्यें मोकळ्या निवडणुका झाल्या. भय नाहीं, सक्ति नाहीं, नोकरीचा प्रश्न नाहीं, अशा स्थितींत साम्यवादी पक्षास १३ टक्क्यांच्या थोडीं वर मतें पडलीं, आणि त्याचा क्रमांक दुसरा आला. पासष्ट वर्षांपूर्वीं, १९२५ सालीं, त्याचें स्थान नेमकें एवढेंच होतें. १९९३ मध्यें तें राष्ट्रहि दुभंगून झेक व स्लोव्हाक असे दोन देश झाले. झ्लीन गांवास त्याचें जुनें नांव १९९० च्या पहिल्या तारखेसच परत मिळालें होतें.